घोट्यांवरील सूज : निश्चिंत केव्हा, सावध केव्हा?

दिवसभर उभे राहिल्याने, एसटीच्या लांबच्या प्रवासाने किंवा उन्हाळ्याने दोन्ही घोटे किंचित सुजतात. पाय उशीवर ठेवून झोपल्यास सकाळपर्यंत ओसरणारी सूज सहसा निरुपद्रवी असते. टिकणारी मात्र तपासून घ्यावी. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिननेही सूज येते. पण गोळी परस्पर थांबवू नये.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; तो चोळू नये. सुजेसोबत धाप लागणे वा लघवी घटणे हा हृदय-मूत्रपिंडांचा इशारा असू शकतो. गर्भवतीस तीव्र डोकेदुखी वा अंधारी आल्यास विलंब घातक. अशा वेळी लेपांत वेळ न दवडता विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.

घरातील माउली स्वतःचे दुखणे सांगत नाही. तिच्या पावलांकडे घरच्यांनीच पाहावे.