आखाड्याबाहेर ठेवलेली शक्ती

(छत्रपती संभाजीनगर येथे युवती आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



या नगरीचे नाव महाराष्ट्राच्या मल्लविद्येच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. १९६१ साली पहिल्या 'महाराष्ट्र केसरी'ची लढत येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि दिनकरराव दह्यारी तिचे मानकरी ठरले. महिलांसाठी त्याच तोलाची पहिली 'महिला महाराष्ट्र केसरी' स्पर्धा मात्र झाली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला नमवून मानाची गदा खांद्यावर घेतली.

या दोन घटनांमध्ये बासष्ट वर्षांचे अंतर आहे. या काळात महाराष्ट्रात लढू इच्छिणाऱ्या मुली नव्हत्या, असे कोणी म्हणू शकेल का? मुली होत्या, ताकद होती, जिद्दही होती. आखाड्याचे दार तेवढे बंद होते. आजचा विषय आहे स्त्री आणि द्वंद्वक्रीडा. पण त्याचा खरा गाभा हे दार आहे. ते कोणी लावले, कसे उघडले आणि उघडल्यावर आपली जबाबदारी संपली का, याचा विचार करावयाचा आहे.

वीस हजारांची गर्दी आणि दगड

गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात हमीदा बानो नावाची एक स्त्री पुरुष मल्लांना आव्हान देत देशभर फिरत होती. जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा, तालीम अलीगढची. उंची पाच फूट तीन इंच आणि वजन शंभर किलोंहून अधिक. १९४४ मध्ये मुंबईत तिची कुस्ती पाहावयास वीस हजार प्रेक्षक जमल्याचे वृत्त त्या काळच्या दैनिकात आले होते. ऐन वेळी ती लढत रद्द झाली, तेव्हा जमाव खवळला. १९५४ मध्ये तिने जाहीरच केले की, जो मल्ल मला चीत करील त्याच्याशी मी विवाह करीन. बडोद्यात ज्याच्याशी तिची लढत ठरली होती, त्या मल्लाने 'स्त्रीशी लढणार नाही' म्हणून माघार घेतली. त्याच्या जागी बाबा पैलवान उतरले आणि अवघ्या एक मिनिट चौतीस सेकंदांत लढत संपली. त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन या रशियन महिला मल्लास एका मिनिटाच्या आत हरविले.

आता आपल्या महाराष्ट्राने तिचे स्वागत कसे केले, हेही ऐकले पाहिजे. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक तालीम संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली. कुस्तीची पंढरी म्हणविणाऱ्या कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरविल्यावर जमावाने हुर्यो उडविली, दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तिने मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले की, ती स्त्री आहे म्हणून अडथळा नाही; तिच्यासमोर लुटुपुटीचे प्रतिस्पर्धी उभे केले जातात, अशा तक्रारी आहेत.

हे उत्तर सहज टाकून देण्याजोगे नाही. त्या काळच्या तिकिटाच्या दंगलींत काही लढती आधीच ठरलेल्या असत, हा संशय निराधार नव्हता. पण मग उपाय कोणता होता? चोख पंच नेमणे, वजनगट पाडणे, स्त्रियांच्या स्त्रियांशी नियमबद्ध लढती लावणे. पुरुषांच्या कुस्तीवरही तोच संशय होता, परंतु तेथे आखाडा बंद झाला नाही, नियम आले. स्त्रीच्या बाबतीत मात्र दार लावून घेणे सोयीचे ठरले. ज्या समाजाने १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली, त्याच समाजाला दोन वर्षांनी एका स्त्रीच्या बळाचे काय करावे हे उमगले नाही.

पुढची कथा अधिक क्लेशकारक आहे. युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय तिने जाहीर केला आणि त्यानंतर ती आखाड्यातून दिसेनाशी झाली. तिच्या कुटुंबीयांनी अलीकडे वृत्तमाध्यमांना सांगितलेल्या हकिकतीनुसार, तिने परदेशी जाऊ नये म्हणून तिच्या वस्तादानेच तिला अशी मारहाण केली की तिचे हातपाय मोडले. उत्तरायुष्य तिने कल्याणला काढले. दूध विकले, पुढे रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थही विकले. १९८६ मध्ये ती निवर्तली. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकविले, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव प्रथमच उच्चारले गेले.

ती कोणत्या पंथाची होती, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. ती या भूमीची कन्या होती आणि तिचे सामर्थ्य ही राष्ट्राची संपत्ती होती. ती आपण जपली नाही.

वर्ध्याचा दुसरा प्रवाह

याच महाराष्ट्रात त्याच्या अगोदर एक वेगळा प्रवाह सुरू झाला होता, हेही तितकेच सत्य आहे. १९३६ च्या विजयादशमीस वर्धा येथे वंदनीय लक्ष्मीबाई केळकर तथा मावशी यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. चारच वर्षांपूर्वी त्यांना वैधव्य आले होते, पदरी मुले होती. अशा स्त्रीने मुलींना मैदानावर आणून त्यांच्या हाती दंड दिला, याचे मोल आजच्या काळात पटकन ध्यानात येत नाही. जिजाऊंचे मातृत्व, अहल्यादेवींचे कर्तृत्व आणि झाशीच्या राणीचे नेतृत्व हे आदर्श समोर ठेवताना मावशींनी शरीरबळाला दुय्यम मानले नाही.

शाखेवर ज्याला आपण 'नियुद्ध' म्हणतो, तो शब्द महाभारतकालीन आहे. शस्त्राविना, केवळ देहाने केलेले युद्ध म्हणजे नियुद्ध. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य नृपती सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांचा सराव यांचा विचार आहे. परंतु 'हे सारे आपल्याकडे होतेच' एवढे म्हणून थांबण्यात पुरुषार्थ नाही. ग्रंथात जे आहे ते आपल्या मुलीच्या दिनक्रमात आले का, हा खरा प्रश्न आहे.

पिंजऱ्यातील क्रीडा

आज 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स', म्हणजे मिश्र युद्धकला, या नावाने जो खेळ जगभर पाहिला जातो, त्यात मुष्टियुद्ध, लाथांचे प्रहार, कुस्तीची पकड आणि ज्युजित्सूचे सांधे अडकविणारे डाव असे सर्व प्रकार एकत्र येतात. जाळीने वेढलेल्या रिंगणात पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. प्रतिस्पर्धी शरण आला, लढण्यास असमर्थ ठरला किंवा तीन पंचांनी गुण दिले, की निकाल लागतो.

हा रानटीपणा नव्हे का, असे अनेक पालक विचारतात. शंका रास्त आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत 'यूएफसी' स्पर्धा सुरू झाली तेव्हा वजनगटही नव्हते आणि त्यानंतर अनेक राज्यांनी या खेळावर बंदी घातली. पुढे वजनगट, निषिद्ध प्रहार, वैद्यकीय तपासणी आणि लढत थांबविण्याचा पंचाचा अधिकार आला, आणि मग खेळाला मान्यता मिळाली. तेथेही स्त्रियांना थांबावे लागले. यूएफसीमध्ये महिलांची पहिली लढत झाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये. पाश्चात्त्य देश या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे होते, हा समज म्हणूनच खरा नाही.

या खेळात भारताच्या मुली उतरल्या त्या स्वबळावर. मुंबईची मंजीत कोळेकर २०१६ मध्ये केवळ महिलांसाठी असलेल्या 'इन्व्हिक्टा' या अमेरिकी स्पर्धेत लढली. निकाल तिच्या विरुद्ध गेला, तरी एका मराठी मुलीने तेथवर मजल मारली. हरियाणातील बलालीच्या रितू फोगाटने २०१७ मध्ये तेवीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत रौप्यपदक मिळविले होते. २०१९ मध्ये मॅट सोडून ती सिंगापूरला गेली, बीजिंगमध्ये पहिली लढत जिंकली आणि सलग चार विजय मिळविले. डिसेंबर २०२१ मध्ये अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिला शरण आणले. मातृत्वानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा रिंगणात उतरली. ती लढत ती हरली, परंतु आई झालेल्या स्त्रीची कारकीर्द संपली असे मानणाऱ्यांना तिने उत्तर दिले.

मुझफ्फरनगर जिल्ह्यातील बुढाण्याची पूजा तोमर हिचे पितृछत्र बालपणीच हरपले. आईने मुलींना वाढविले. वुशूतून ती या खेळाकडे वळली. ८ जून २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे तिने ब्राझीलच्या रायन दोस सान्तोसला हरविले आणि यूएफसीमध्ये विजय मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. पहिली भारतीय स्त्री नव्हे, स्त्री-पुरुषांत मिळून पहिली. तीन पंचांपैकी एकाने सर्व फेऱ्या तिला दिल्या, दुसऱ्याने सर्व प्रतिस्पर्धिणीला, आणि तिसऱ्याच्या निर्णयाने तिचा विजय झाला. मार्च २०२५ मध्ये लंडनला मात्र ती पराभूत झाली. या क्षेत्रात यश एवढे निसरडे असते.

दार उघडल्यानंतर

येथे बसलेल्या मातापित्यांनी या झगमगाटाची दुसरी बाजूही पाहावी. लढतीपूर्वी वजन उतरविण्यासाठी शरीराचे होणारे हाल, गुडघ्याच्या आणि खांद्याच्या दुखापती, डोक्यावरील आघात आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या मोजक्या लढतींवर अवलंबून असलेले उत्पन्न. ही कारकीर्द अल्पायुषी असते. म्हणून खेळणाऱ्या मुलीचे शिक्षण सुटता कामा नये आणि डोक्याला मार लागल्यावर वैद्याने विश्रांती सांगितली, तर ती स्पर्धेच्या तारखेपेक्षा महत्त्वाची मानली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हमीदा बानोला पुण्याच्या आक्षेपाने संपविले नाही, कोल्हापूरच्या दगडांनीही नाही. कुटुंबीयांची हकिकत खरी धरली, तर तिला ज्याने घडविले त्यानेच मोडले. गुरू हा शिष्येचा स्वामी नव्हे. आपल्या परंपरेत गुरूचे स्थान उच्च आहे, म्हणूनच त्याच्या आचरणाची कसोटीही कठोर असली पाहिजे. मुलगी तालमीतून घरी येऊन काही सांगू पाहते, तेव्हा 'वस्तादांना उलटून बोलू नये' असे म्हणून तिला गप्प करणारे घर तिचे घर राहत नाही. कार्यस्थळी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि क्रीडासंकुले यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुलीचे नाव घालण्यापूर्वी तेथे तक्रार निवारण समिती आहे का, महिला प्रशिक्षक आहे का, हे विचारावे. हा अविश्वास नाही, ते पालकांचे कर्तव्य आहे.

या नगरीत विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मराठवाड्यातील मुलीला सरावासाठी मुंबई-पुण्याकडेच डोळे लावून बसावे, अशी स्थिती नाही. उणीव राहिली असेल तर ती घरातील संमतीची. मुलगा तालमीत गेला तर त्याच्या खुराकाची चर्चा होते आणि मुलगी गेली तर तिच्या लग्नाची. ही चर्चा ज्या दिवशी बदलेल, त्या दिवशी अर्धे काम झाले असे समजावे.

प्रत्येक मुलीने पिंजऱ्यात उतरावे, असे कोणीही म्हणणार नाही. बहुतेक जणी उतरणारही नाहीत. पण दहा वर्षांची असताना जिला पडणे आणि पडून उठणे शिकविले गेले, ती पुढे कार्यालयात, बसस्थानकावर आणि संसारातही वेगळ्या पावलांनी चालते. मावशींना अभिप्रेत असलेली शक्ती हीच होती.

१९६१ मध्ये या नगरीने एका मल्लाच्या खांद्यावर मान ठेवला. २०२३ मध्ये सांगलीने तो एका मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि तिच्यासमोर लढलेली उपविजेती कल्याणची होती. ज्या कल्याणात हमीदा बानोने दूध विकत दिवस काढले, त्याच कल्याणची एक मुलगी आता हजारोंच्या साक्षीने लढली, आणि या वेळी कोणी दगड उचलला नाही. हे परिवर्तन मोठे आहे. ते टिकविणे आता आपल्या घरांच्या हाती आहे.