पंचतारांकित उपवास

भूक लागली म्हणून माणूस खाणावळींत जातो. मोठ्या हॉटेलांत मात्र तो केवळ भुकेसाठीं जात नाहीं. भूक घरच्या पिठलें-भातानेंही भागते. मुलाला पहिली नोकरी लागली, मुलीचें लग्न ठरलें, आईवडिलांच्या विवाहाला चाळीस वर्षें झालीं, अशा प्रसंगीं मध्यम स्थितींतील कुटुंब आठ दिवस अगोदर टेबल राखून ठेवतें, कपाटांतलीं चांगलीं वस्त्रें बाहेर काढतें, आणि ज्या रकमेंत महिन्याचा किराणा यावा ती रक्कम एका रात्रीच्या जेवणासाठीं बाजूला ठेवतें. चार घास चांगले मिळावेत ही त्याची इच्छा असतेच. परंतु त्याहून मोठी इच्छा ही, कीं त्या रात्रीपुरतें कोणीं तरी आपलें मनापासून स्वागत करावें. म्हणून असें जेवण फसलें कीं मनाला लागतें तें भाजीचें अळणीपण नव्हे. अळणी भाजी घरींही होते, आणि तिच्यावर चिमूटभर मीठ टाकून घेतां येतें.

पैसे मोजून पाहुणचार विकत घ्यावा ही कल्पना तशी फार जुनी नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्यें उतरलेल्या प्रवाशाला खाणावळीच्या सामाईक टेबलावर, ठराविक वेळीं, जें शिजलें असेल तें खावें लागे. ‘रेस्तोराँ’ हा शब्द त्या काळीं जागेचा नव्हताच. शक्ति भरून आणणाऱ्या मांसरसाचें तें नांव होतें, आणि तो रस विकणाऱ्या दुकानांना तें पुढें चिकटलें. मग स्वतंत्र टेबलें आलीं, भाव लिहिलेली पदार्थांची यादी आली, हवें तेव्हां येऊन हवें तें मागण्याची सोय झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या थोडें अगोदर बोव्हिलिए नांवाच्या गृहस्थानें सजविलेला दिवाणखाना, शिकवून तयार केलेले वाढपी, निवडक मद्यें आणि उत्तम मुदपाकखाना हीं सारीं एका छपराखालीं आणलीं. ब्रिया-साव्हारें या न्यायाधीश-लेखकानें १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या बोव्हिलिएचें मोठें गमतीदार चित्र काढलें आहे. पाहुणा बसला कीं मालक स्वतः येई. हा पदार्थ आज टाळा, तो अवश्य घ्या, असें आपुलकीनें सांगे. कोणाच्या ध्यानींमनीं नसलेला तिसराच पदार्थ मागवी. आणि ज्याची किल्ली त्याच्याच जवळ असे अशा तळघरांतून मद्य आणवी. पाहुण्याला वाटे, आपण कोणाच्या तरी घरीं मेजवानीलाच आलों आहों. पण हा यजमान क्षणभराचा! तो दिसेनासा होई, थोड्या वेळानें बिल येई, आणि त्या बिलाची लांबी पाहून यजमान व दुकानदार यांतला भेद पाहुण्याच्या ध्यानांत येई. या गोष्टीला दोनशें वर्षें होऊन गेलीं. चित्रांतला पोशाख तेवढा बदलला आहे.

महाराष्ट्राला पाहुणचाराचें निराळेंच शास्त्र ठाऊक होतें. पान मांडलें कीं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत पहिल्या पानावरच्या माणसानें हात लावावयाचा नाहीं. आणि मग यजमानानें हात जोडून ‘सावकाश होऊं द्या’ म्हणावयाचें. या व्यवस्थेंतही दोष होतेच. जातीजातींच्या वेगळ्या पंगती हा तर साऱ्या दोषांचा राजा. आणि घरच्या बायका बसत त्या सर्वांच्या शेवटीं, तोंवर भाजी तळाला गेलेली असे. पण एका अपराधाला त्या व्यवस्थेनें नांव देऊन ठेवलें, आणि तें नांव फार नेमकें आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतींत व्याह्यांच्या पानावर जिलबीची रास आणि कोपऱ्यांतल्या गरीब नातलगाच्या पानावर एकच वेढें, असें वाढणें म्हणजे पंक्तिप्रपंच. स्वयंपाक बिघडला तर लोक हंसून सोडून देत. पंक्तिप्रपंच झाला तर तो दोन पिढ्या लक्षांत राही.

शब्द मराठी असला, तरी त्याचा एक गाजलेला दाखला न्यूयॉर्कमधला आहे. १९९३ सालीं रूथ राइशल या बाई ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या उपाहारगृह-समीक्षक झाल्या. त्या काळीं ‘ल सर्क’ हें त्या शहरांतील धनिकांचें आणि नामवंतांचें आवडतें स्थान होतें, आणि त्याच पत्रानें त्याला चार तारे दिलेले होते. चारांच्या वर तारा नव्हता. राइशलबाई तेथें एका साध्या, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या बाईच्या वेषांत गेल्या. टेबल राखून ठेवलेलें असूनही त्यांना ताटकळत ठेवण्यांत आलें. धूम्रपान न करणारांच्या भागांत जागा मागितली होती, तर धूम्रपानाच्या भागांत बसविण्यांत आलें. हातांतली मद्यांची यादीसुद्धां दुसऱ्या कोणासाठीं हवी म्हणून परत मागून घेण्यांत आली. पांच महिन्यांत त्या पांच वेळां जेवल्या. चौथ्या खेपेस मालकानें त्यांना ओळखलें, आणि क्षणांत चक्र फिरलें. जागा बदलली, वागणूक बदलली, वाढपाचें प्रमाण बदललें. जेवण तोंवर गोडावर आलें होतें. समोरची मिठाईची लहान बशी नाहींशी होऊन मोठी आली, आणि नव्या बशींतलीं रासबेरीचीं फळें जुन्या बशींतल्या फळांच्या तिप्पट आकाराचीं होतीं! २९ ऑक्टोबर १९९३ च्या अंकांत बाईंनीं एकाच स्थळाचीं दोन वर्णनें शेजारीं शेजारीं छापलीं, एक अनोळखी पाहुणीचें आणि एक मानकरी पाहुणीचें, व चारांतला एक तारा काढून घेतला. तेथला स्वयंपाक वाईट होता असें त्यांचें म्हणणें नव्हतें. तीन तारे राहिलेच. तिप्पट आकाराचीं फळें मुदपाकखान्यांत होतीं. तीं कोणाला द्यावयाचीं हें चेहरा पाहून ठरत होतें.

पदार्थ बिघडतो तो मात्र बहुधा दुष्टपणानें नव्हे, गणितानें. एके काळीं फ्रेंच पद्धतींत सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडीत. देखावा राजेशाही, आणि अन्न गार. एकोणिसाव्या शतकांत रशियन पद्धत आली व पदार्थ एकामागून एक, गरम, येऊं लागले. पुढें ओग्यूस्त एस्कोफिये या आचाऱ्यानें लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत, १८९० पासून, मुदपाकखान्याची लष्करी पथकासारखी वांटणी केली: भाजणारा वेगळा, रस्से करणारा वेगळा, गोड करणारा वेगळा. एकच पदार्थ चार हातांखालून जाऊन थोड्या मिनिटांत पुरा होऊं लागला. आजच्या प्रत्येक मोठ्या मुदपाकखान्यांत ही वांटणी कमीअधिक प्रमाणांत आहे, आणि तिचा गुण तोच तिचा दोष. चार हातांपैकीं एक हात रेंगाळला कीं उरलेल्या तिघांचें काम ओट्यावर वाट पाहात बसतें. रात्रीं नऊ वाजतां सगळीं टेबलें एकदम भरतात, एकदम मागतात. एका टेबलाची डाळ तयार असते, नान व्हावयाचा असतो. नान होतो तों डाळीवर साय धरते. आणि डाळ पुन्हां गरम होते तों नानाचें कातडें झालेलें असतें. त्यांत ताटली गरम करून घेण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं, तर टेबलापर्यंतच्या वीस पावलांत उरली ऊबही निघून जाते.

उत्तर हिंदुस्थानी पदार्थ देणाऱ्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत दुपारींच दोनतीन रस्से पातेलीं भरभरून शिजवून ठेवतात: कांदा-टोमॅटोचा तांबडा, काजू-मगजाचा पांढरा, लोण्याचा मखनी. रात्रीं मागणी आली कीं त्यांतला पळीभर घ्यावयाचा, त्यांत पनीर किंवा कोंबडी सोडावयाची, वर मलईची रेघ ओढावयाची. यांत लबाडी आहे असें म्हणतां येणार नाहीं. दीडशें माणसांना तासाभरांत जेवूं घालण्याचा दुसरा मार्ग नाहीं. पण यादींत तीस नांवें आणि पातेलीं तीन, अशा ठिकाणीं एका कुटुंबानें हौसेनें चार भाज्या मागविल्या तर चौघांच्या तोंडीं एकच चव येते, आणि प्रत्येकाला वाटतें कीं आपलीच निवड चुकली. याच्या उलट टोकाला अलीकडची ती बारा घासांची मेजवानी. परातीएवढ्या ताटलीच्या मध्यभागीं सुपारीएवढा पदार्थ, आणि तो तोंडांत घालण्यापूर्वीं वेटरचें निरूपण! कीर्तनाला पूर्वरंग शोभतो. प्रत्येक घासाला पूर्वरंग असेल तर आख्यान सुरू व्हावें कधीं?

असें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. वडील टपालखात्यांतून निवृत्त झालेले. आई अंडें न खाणारी. मुलगा आणि सून दोघेंही नोकरी करणारीं. मुलानें आठाचें टेबल राखलें आहे. बसावयास मिळालें पावणेनऊला, मुदपाकखान्याच्या झुलत्या दाराशेजारीं. वेटर पहिला प्रश्न करतो: पाणी कोणतें? या प्रश्नांतला ‘साधें’ हा पर्याय असा उच्चारला जातो कीं तो मागणें म्हणजे आपली ऐपत उघडी करणें. वडील मुलाकडे पाहतात, मुलगा बाटली सांगतो. आई हळूच विचारते, ‘अहो, याच्यांत अंडें नाहीं ना?’ वेटर ‘विचारून सांगतों’ म्हणून जातो आणि परत येतो तो दुसऱ्याच टेबलाकडे. पदार्थ येतो, तो निराळाच असतो, मागितलेला नव्हे. आई नुसती कोशिंबीर आणि दहीं घेते व पोट भरलें म्हणते. शेवटीं व्यवस्थापक हंसतमुखानें येऊन विचारतो, ‘जेवण कसें झालें?’ आणि चौघेंही एका सुरांत सांगतात, ‘छान, फार छान!’ घरीं पोंचल्यावर आई लुगडें न बदलतां गॅस पेटविते आणि कुकरांत मूठभर तांदूळ लावते. मुलगा बाहेरच्या खोलींत बसून शिटी ऐकतो.

‘छान’ कां म्हटलें? वडिलांनीं मुलाचें मन राखलें, मुलानें आपली फजिती झांकली, सुनेनें सासूबाईंकडे पाहून मौन धरलें. शिवाय या स्थळांची मांडणीच अशी असते, कीं तेथें चूक झाली तर ती आपल्याच अडाणीपणाची असावी असें भल्याभल्यांना वाटूं लागतें. कांटा कोणत्या हातांत धरावा याविषयीं ज्याच्या मनांत शंका आहे, तो डाळ गार आहे हें ठणकावून कसें सांगणार? वेटरची बाजूही पाहिली पाहिजे. तो पोरगा दुपारपासून उभा असतो, आठ टेबलें एकटा सांभाळतो, आणि पदार्थांत काय आहे हें त्याला कोणीं नीट सांगितलेलेंच नसतें. ‘विचारून सांगतों’ हें त्या बापड्याचें खरें उत्तर असतें, फक्त मुदपाकखान्यांत त्याला उत्तर देण्यास कोणाला सवड नसते. १६७१ च्या एप्रिलांत शांतीयी येथें फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठीं मेजवानी होती. कांहीं टेबलांवर भाजलेलें मांस कमी पडलें, सकाळीं मासे वेळेवर पोंचले नाहींत, आणि व्यवस्था पाहणाऱ्या व्हातेलनें तरवारीवर देह टाकला. मासे मागाहून आलेच! आजच्या व्यवस्थापकाकडून इतक्या अब्रूदारपणाची अपेक्षा कोणीच करणार नाहीं; पण मासे उशिरा येणार एवढें टेबलाजवळ येऊन सांगण्यास तरवार लागत नाहीं.

राहतां राहिलें बिल. पाण्याच्या ज्या बाटलीवर छापील किंमत असते तिला हॉटेलांत अधिक दर लावतां येतो, हें सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर २०१७ रोजीं मान्य केलें. कारण असें दिलें, कीं तेथें नुसती बाटली विकली जात नाहीं; बसण्याची जागा, वातावरण व सेवा हीं तिच्याबरोबर असतात. युक्तिवाद समजण्यासारखा आहे. मात्र मग त्याच बिलाच्या तळाशीं शेंकडा दहा ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावला गेला, तर सेवेचे पैसे दोनदां झाले. आणि सेवा तर एकदांही झालेली नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं आज्ञा काढली, कीं असा आकार बिलांत आपोआप घालूं नये व तो देण्याची सक्ति करूं नये. हॉटेलवाल्यांच्या संस्था न्यायालयांत गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानें २८ मार्च २०२५ रोजीं त्यांचे अर्ज फेटाळून ती आज्ञा उचलून धरली. हा आकार सरकारी कर नव्हे. वस्तु व सेवा कर निराळा, तो द्यावाच लागतो. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र काढून टाका असें सांगतां येतें, आणि ऐकलें नाहीं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. ज्या वेटरनें खरोखर चांगलें वाढलें त्याच्या हातावर स्वखुशीनें चार पैसे ठेवण्यास कोणाची ना नाहीं. उलट ते त्याला थेट पोंचतात.

पदार्थाविषयींची तक्रार मात्र बिलापर्यंत थांबवूं नये. दोन घासांत ती करावी, आणि वेटरपाशीं न करतां त्याच्या वरच्या माणसापाशीं, आवाज न चढवितां करावी. ताटली निपटून झाल्यावर केलेल्या तक्रारीला मुदपाकखान्यांत कोणी विचारीत नाहीं. गार असेल तर गार आहे म्हणावें, मागितलेला पदार्थ नसेल तर परत न्यावयास सांगावें. आणि अंडें आहे कीं नाहीं, हा प्रश्न तर हळूच विचारण्याचा नव्हेच. देशांत दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं अंडें, दूध, शेंगदाणे यांसारख्या अपायकारक ठरूं शकणाऱ्या घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी, असें अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे नियमच सांगतात. शाखा एकच असली तरी स्वयंपाक्याला तें ठाऊक असतेंच. तो दाराच्या पलीकडे दहा पावलांवर उभा असतो, आणि वेटर परत आला नाहीं तर मुलानें उठून त्या झुलत्या दारापर्यंत जावें.