उद्देशिका तोंडपाठ, पण कलमे कुणी वाचायची?

(नांदेड-लातूर कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



२६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला राज्यघटनेची उद्देशिका वाचायची, असे सरकारने ठरवले. पोरे घडाघडा म्हणतात, कानाला बरे वाटते. पण मी कृषी पदवीचा माणूस. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव वाचून पीक येत नाही, एवढे मला कळते. पिशवी फोडावी लागते.

सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आहेत. त्या तासाला एखाद्या पोराने विचारावे, गुरुजी, माझ्या बापाच्या सातबाऱ्याचे काय? १९५० च्या घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. दीड वर्षाच्या आत पहिली दुरुस्ती झाली, परिशिष्ट ९ जोडले गेले. त्यात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात आव्हान नाही! हेतू जमीनदारी मोडण्याचा होता. निजामाच्या जहागिऱ्या पाहिलेल्या मराठवाड्याला तो समजावून सांगायला नको. पण दार उघडेच राहिले. सुरुवातीचे १३ कायदे २८४ वर गेले. १९६१ चा सीलिंग कायदा तिथे, १९५५ चा आवश्यक वस्तू कायदाही तिथेच. जून २०२३ मध्ये तूर-उडदावर साठ्याची मर्यादा आली ती याच कायद्याने. १९७९ पासून तर मालमत्तेचा हक्क मूलभूत उरलाच नाही. ३००-अ कलमात जाऊन बसला. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे तपासण्याची वाट मोकळी केली, इतकेच.

यावर वर्गात वाद होऊ द्या. पोर माझ्याविरुद्ध बोलले तरी चालेल, फक्त कलम वाचून बोलावे.

आणि कलम ३७१ तर आपल्या नावाचे. ‘मराठवाडा’ हा शब्द घटनेत छापलेला आहे! स्वतंत्र विकास मंडळ, विकासखर्चाचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण, नोकऱ्या, जबाबदारी राज्यपालांची. तरतूद १९५६ ची, मंडळ आले १९९४ ला. अडतीस वर्षे! त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. म्हणजे ज्या वर्षी पोरे उद्देशिका म्हणू लागली, त्याच वर्षी. परिपाठाला हे कोण सांगणार?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत खिचडीचा विषय संपला की विचारा, घटनेची मराठी प्रत शाळेत आहे का? कपाटात असेल, तर किल्ली कुणाकडे आहे तेही विचारा.