मूल आजीकडे आहे, दाखला कुणाकडे?
(डहाणू येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज निराधार मुलांविषयी बोलायला सांगितलं आहे. खरं तर आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आई-बाप गेलेलं मूल सहसा रस्त्यावर येत नाही. आजी घेते, काका घेतो, मामा घेतो. कुणी ठराव करत नाही. ज्या घरात आधीच सहा तोंडं, तिथे सातवं तोंड जेवायला बसतं, एवढंच. शहरातले पाहुणे हे पाहून आपलं कौतुक करतात. कौतुक ठीक आहे, पण त्या आजीच्या डब्यात तांदूळ किती उरला, हे कुणी विचारत नाही.

शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना याच आजीसाठी आहे. अनाथ किंवा एकच पालक उरलेल्या मुलाला संस्थेत न ठेवता घरातच सांभाळायचं आणि त्यासाठी दरमहा 2250 रुपये मुलाच्या नावे द्यायचे. आधी 1100 होते, 2023 मध्ये वाढले. वय 18 होईपर्यंत मिळतात. अर्ज बाल कल्याण समितीपुढे जातो.

मग अडतं कुठे? मृत्यूच्या दाखल्यावर. माणूस पाड्यावर घरीच गेला, विधी झाले, नोंद कुणी केली नाही. 21 दिवसांत ग्रामपंचायतीत कळवलं तर काम फुकट आणि सोपं. तीस दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वीटभट्टीवर किंवा भिवंडीकडे बांधकामावर गेलेला माणूस तिकडेच वारला, तर नोंद तिकडच्या हद्दीत. आजीने एका कागदासाठी एसटीच्या किती फेऱ्या मारायच्या? म्हणून माझं म्हणणं असं, की पाड्यात मयत झाली की दहाव्या-बाराव्याला जाऊन बसणाऱ्या आपल्या माणसाने नोंदीचं त्याच वेळी विचारावं. दुःखात कागदाची गोष्ट काढणं वाईट दिसतं. काढावी.

आपल्याकडचे बरेच तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. त्यांतले काही समुद्रात हद्द ओलांडल्याच्या कारणावरून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. अशा घरातला बाप मेलेला नाही, म्हणून दाखला नाही. घरी नाही, म्हणून मजुरी नाही. ही मुलं कुठल्याच यादीत पटकन बसत नाहीत. आपण त्यांची यादी वेगळी ठेवली पाहिजे.

आता तरुण आई-बापांचं. वारल्यांमध्ये लगीन खर्चाचं काम. पैसे जमेपर्यंत जोडपं एकत्र राहतं, मुलं होतात, धवलेरीला बोलावून लगीन कधी तरी नंतर लागतं. समाजाला त्यात वावगं वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. पण मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल तर गोष्ट वेगळी. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले, तर 2012 च्या कायद्याप्रमाणे दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या धाकाने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. अंगात रक्त कमी, वय कोवळं आणि बाळंतपण झोपडीत. इथे जीव जातात. अशी मुलगी दिसली तर तिला रागावू नका आणि लपवायला मदतही करू नका. आशाताईंना घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा, पुढच्या जबाबासाठीही बरोबर राहा. अमृत आहार योजनेतलं एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीत तिच्या हक्काचं आहे. लाजेने ती येत नसेल, तर सोबतीला जावं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1945 मध्ये बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम 1957 मध्ये कोसबाडला आलं. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंडं असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, हे त्यांनी मुलाच्या घरी जाऊन पाहिलं. आजच्या तरुण आईलाही शिकायचं असेल, तर तिचं बाळ दुपारी कोण सांभाळणार, हाच पहिला प्रश्न आहे.

शेवटचा गट सगळ्यात दुर्लक्षित: अठरा पूर्ण झालेली मुलं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, अनाथ प्रमाणपत्रावर नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण 2018 पासून आहे. पण हे प्रमाणपत्र अठराव्या वाढदिवसाआधी हातात असलं, तर पुढची धावपळ वाचते. आश्रमशाळेतल्या मुलांचं तर आणखी निराळं. शाळा सुरू असताना जेवण आहे, अंथरूण आहे. दिवाळी आणि मे महिन्यात वसतिगृहाला कुलूप लागतं, नेमकं तेव्हा चुलता भट्टीवर गेलेला असतो.

म्हणून एक काम आजच वाटून घेऊ. आपापल्या भागातल्या आश्रमशाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि सुट्टीत जायला घर नसलेल्या मुलांची नावं विचारा. ती नावं चारचौघांत वाचायची नाहीत, बंद पाकिटात कार्यालयात द्यायची. कुणा मुलाला त्रास होत असल्याचं कळलं, तर यादीची वाट न पाहता 1098 ला फोन करा. पाकिटं दसऱ्याच्या आत पोचली, तर सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलामागे एक घर शोधायला आपल्याला दोन-तीन आठवडे मिळतील.