खालून वर वाचायचा दगड



मी दगडात मूर्ती घडवतो, म्हणून आज दगडाबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे गावाच्या वेशीपाशी किंवा मारुतीच्या देवळाजवळ एखादी उभी कोरीव शिळा असते. कुणी तिला शेंदूर लावतं, कुणी सायकल टेकवतं. तो वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाच्या कप्प्यात लढाई आणि मरण, त्याच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहील, असं गावाचं म्हणणं.

लहानपणी आजोळच्या एका वीरगळावरच्या गायी मी बोटानं मोजायचो. साडेतीन भरायच्या. चौथीचं नुसतं तोंड, बाकी अंग दगडाच्या कडेआड. मला वाटायचं, कारागिराला जागा पुरली नाही. स्वतः छिन्नी धरल्यावर कळलं, त्यानं मागचा अख्खा कळप दाखवला होता. गुरं लुटून नेली की दूध गेलं, नांगर थांबला, पोरं उपाशी. म्हणून दगडावरचा तो वीर गुरांसाठी आडवा उभा राहिला. गावानं दगड उभारला, पण त्यावर नाव नाही. बहुतेक वीरगळांवर ते नसतंच.

वाचण्यासारखा दगड म्हणजे फक्त वीरगळ नव्हे. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या एका शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, सगळी एकाच दगडात. एक मुख कोरताना घाव चुकला तर शेजारचंही जातं. माझ्या हाताला हे माहीत आहे, म्हणून तिथं उभं राहिलं की माझा श्वास अडतो.

तिथंच संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची त्यात ओळ आहे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्यासाठी ठेवलेला निरोपच तो!

शाळेची सहल कुडलला गेली तर त्या तुळईखाली थांबा. आणि सुट्टीत गावी गेलात की वेशीवरच्या दगडावर गायी आहेत का बघा. असल्या तर मोजा. कडेला एखादी अर्धीच दिसेल. तीही धरा.