इंग्लंडमधील जुने कसबे

लिंकनशायर परगण्यातील स्टॅमफर्ड हा वीस हजारांच्या आसपास वस्तीचा कसबा वेलंड नदीच्या काठी आहे. मध्ययुगात तो लोकरीच्या व्यापारावर वाढला. अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्या येथे थांबत आणि गावाच्या खानावळी त्यांवर चालत. पुढे आगगाडीचा मुख्य मार्ग स्टॅमफर्ड सोडून पीटरबरोवरून गेला आणि धंदा बसला. भोवतालची शेती १८७० च्या दशकापर्यंत सामाईक वहिवाटीत अडकलेली होती, त्यामुळे गाव बाहेरही पसरले नाही. कोणी वाचवले म्हणून स्टॅमफर्ड वाचले, असे म्हणता येत नाही. जुने पाडून नवे बांधायला लागणारा पैसाच गावात उरला नव्हता. सफक परगण्यातील लॅवनहॅमची गोष्ट याहून जुनी. तिथला कापडाचा व्यापार सोळाव्या शतकातच ओसरला आणि श्रीमंत कापडव्यापाऱ्यांची घरे होती तशी राहिली.

या गावांत जपण्यासारखे आहे ते बहुधा मातीतून आलेले. रेल्वेपूर्वी दगड दूर वाहून नेणे फार महाग पडे, म्हणून गाव आपल्या पायाखालच्या जमिनीतूनच उभे राही. स्टॅमफर्डला बारनॅक आणि केटनच्या खाणींचा फिकट चुनखडक आहे, कॉट्सवोल्ड टेकड्यांतल्या चिपिंग कॅम्डनला मधाच्या रंगाचा. लॅवनहॅमजवळ चांगला दगड नाही, तिथे ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यात भरलेला कूड. कोकणातल्या माणसाला ही भिंत समजावून सांगावी लागणार नाही. शिवाय घराचे तोंड एका शतकाचे आणि पोट दुसऱ्याच शतकाचे, असेही पुष्कळदा आढळते: समोर अठराव्या शतकातली नेटकी दगडी दर्शनी भिंत आणि तिच्यामागे दोन-तीनशे वर्षे जुनी लाकडी चौकट. दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागचे पाडणे ही म्हणूनच जतनाच्या नावाखालची मोडतोड ठरते.

जतनाची चळवळ सुरू झाली ती मात्र चर्चच्या इमारतींवरून. व्हिक्टोरियन वास्तुविशारद ‘जीर्णोद्धार’ म्हणून जुना गिलावा खरवडून काढीत आणि इमारत मूळची कशी असावी याचा अंदाज बांधून नवे भाग बसवीत. ट्यूक्सबरीच्या मठमंदिरात हेच घडणार असे दिसताच विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. नूतनीकरण नको, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा तिचा आग्रह आजही टिकून आहे. सरकारचा पहिला कायदा १८८२ चा. तो मुख्यतः प्रागैतिहासिक दगडांची वर्तुळे आणि थडगी यांच्यापुरता होता. माणसे राहत असलेल्या घराला त्यात जागा नव्हती. नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये ऑल्फ्रिस्टन येथील जुने पाद्रीघर अवघ्या १० पौंडांना घेतले, ती या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत. चिपिंग कॅम्डनमध्ये १९२९ साली चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज आणि त्यांच्या सोबत्यांनी गावापुरता विश्वस्त निधी उभारला आणि मोडकळीला आलेली घरे विकत घेऊन दुरुस्त केली.

सरकारला घाई झाली ती युद्धामुळे. १९४२ च्या वसंतात जर्मन विमानांनी एक्सेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क अशी ऐतिहासिक शहरे मुद्दाम निवडून त्यांवर बॉम्ब टाकले. पडझडीतून काय वाचवायचे हे ठरवण्यासाठी इमारतींच्या याद्या लागल्या, आणि १९४४ व १९४७ च्या नगररचना कायद्यांनी याद्या करण्याची पद्धत कायम केली. तपासनीस गल्लोगल्ली फिरून नोंदी करू लागले. आज इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या शेकडा नव्वदांहून अधिक सर्वांत खालच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या आहेत. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतल्या श्रेणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मात्र यादीत नाव येणे म्हणजे संरक्षण मिळणे असा अर्थ सुरुवातीला नव्हता. मालकाने पाडण्यापूर्वी सूचना दिली म्हणजे झाले. थांबवायचे तर नगरपालिकेने वेगळा हुकूम काढायचा. आधी परवानगी, मग हातोडा, हा नियम १९६८ साली आला.

यादीत दुसरीही उणीव होती. ती एकेक इमारत पाहत असे आणि गाव तर एकेकट्या इमारतींचे नसते. रस्त्याचे किंचित वळण, छपरांची खालीवर होणारी रेषा, मागच्या बोळातली भिंत, यांपैकी काहीच यादीत बसत नाही. बाथमध्ये १९६० च्या दशकात याचा अनुभव आला. रॉयल क्रेसेंटसारख्या भव्य वास्तूंना हात लागला नाही, पण कारागिरांच्या अठराव्या शतकातल्या साध्या घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या गेल्या. अ‍ॅडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले तोवर उशीर झाला होता.

डंकन सँडिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला १९६७ चा कायदा येथे महत्त्वाचा. त्याने ‘संवर्धन क्षेत्र’ ही कल्पना आणली: साऱ्या परिसराची धाटणी हाच संरक्षणाचा विषय. पहिले क्षेत्र त्याच वर्षी जाहीर झाले, ते स्टॅमफर्डचे. आता अशी सुमारे दहा हजार क्षेत्रे आहेत. क्षेत्रातली पण यादीत नसलेली इमारत पाडण्यावर सर्वत्र नियंत्रण यायला मात्र १९७४ उजाडले.

कायद्यानंतरचे काम बारीकसारीक आणि कंटाळवाणे असते. जुन्या मऊ विटांच्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि थंडीत विटेचा पापुद्रा सुटतो. चुना भरला तर ओल दरजेतून निघून जाते. लाकडी सरकत्या खिडक्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बसल्या की रस्त्याचा चेहरा बदलतो, आणि हे एका घरापासून सुरू होते. स्टॅमफर्डच्या छपरांवरच्या कॉलीवेस्टन नावाच्या दगडी पाट्यांचे तर विचारूच नये. खाणीतून काढलेले दगडाचे ठोकळे हिवाळाभर उघड्यावर ओले ठेवायचे, कडाक्याच्या थंडीने त्यांचे थर सुटतात, मग हातोडीने पाट्या वेगळ्या करायच्या. हिवाळे सौम्य झाले, कारागीर कमी झाले आणि जुन्या छपरांवरून उतरवलेल्या पाट्यांवर काम भागवावे लागले. २०१० नंतर शीतकक्षात दगड गोठवून थर सोडवण्याची रीत बसवण्यात आली, तेव्हा हा धंदा पुन्हा उभा राहिला.

मोटारीने या गावांना बॉम्बपेक्षा जास्त हैराण केले असे म्हटले तर ते फार चुकणार नाही. स्टॅमफर्डला १९६० साली वळणरस्ता मिळाला आणि उत्तरेकडची अवजड वाहतूक गावाबाहेर गेली; नाहीतर अरुंद पुलावरून मालमोटारी आजही जात राहिल्या असत्या. नॉर्विचचे उलट झाले. तिथल्या मॅग्डालेन स्ट्रीटची रंगरंगोटी आणि दुकानांच्या नामफलकांची शिस्त १९५९ मध्ये देशभर नमुना म्हणून दाखवली गेली, आणि पुढल्या बारा-तेरा वर्षांत त्याच रस्त्यावर आडवा उड्डाणपूल आला.

उरतो पैशाचा प्रश्न. दुकानांवरचे मजले रिकामे पडतात, गळके छप्पर तसेच राहते. २०२० ते २०२४ या काळात साठांहून अधिक जुन्या बाजाररस्त्यांसाठी ९.५ कोटी पौंडांची सरकारी योजना चालली, तिचा उपयोगही झाला. करपद्धती मात्र उलट्या दिशेने ओढते. यादीतल्या इमारतींत मंजुरीने केलेल्या फेरफारांना मूल्यवर्धित कराची जी माफी होती, ती ऑक्टोबर २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. जुन्या घराच्या साध्या दुरुस्तीवर वीस टक्के कर आहे. नवे घर बांधणाऱ्याला तो शून्य आहे.