वंशावळीत लेक कुठे?

आपल्या भातकुलीकडे कोणी सांगतं, "आम्ही देशमुख, सिंदखेडराजाच्या लखुजीराव जाधवांचे." गटातल्या आम्ही काहीजणींनी सासरच्या या गोष्टीचे कागद धुंडाळले. देशमुखी म्हणजे परगण्याचा सारा वसुलायचं वतन. नुसत्या आडनावावरून घराणं ठरत नाही. तहसिलीतल्या कोतवाल बुकात पणजोबा सापडतात. पण ते इंग्रजी अमलातलं, अन् लखुजीराव मारले गेले १६२९ साली. मधली दोनशेवर वर्षं नुसती गोष्ट. गोड आहे, असू द्या.

आम्हाला खटकलं ते वेगळंच. लखुजीरावांची लेक जिजाऊ साऱ्यांना पाठ, अन् घरच्या वंशावळीत एकही लेक नाही! हीच वंशावळ वारसनोंदीला तलाठी मागतात. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित शेतीत लेकीचा मुलाइतकाच वाटा आहे. नाव गाळलं, की तो कागदावर दिसतच नाही. सही करायच्या आधी वंशावळ वाचून घ्या.